पेलाभर पाण्याची आगगाडी

रविवारी सकाळी इंजिनात पाणी भरण्यापूर्वी मी ते काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरते. तळाशी गाळ नाही आणि वर तवंग नाही, एवढी खात्री झाली की मगच ते मोठ्या सिरिंजने बॉयलरमध्ये सोडते. पाणी गेल्या पावसाळ्यातले असते, आमच्याच गच्चीवर पडलेले आणि दुहेरी फडक्यातून गाळून स्टीलच्या टाकीत साठवलेले. आपल्या भाषेने या वाहनाला आगगाडी असे नाव दिले खरे, पण लातुरात राहून वाफेवर चालणाऱ्या छोट्या इंजिनांचा नाद करणाऱ्याला फार लवकर कळून चुकते की आग कुठेही मिळते, खरा प्रश्न पाण्याचा असतो. गेली चौदा वर्षे मी हा नाद करते आहे, आणि या काळात मला जे काही शिकायला मिळाले त्यातले बरेचसे पाण्याने शिकवले.

मी रसायनशास्त्राची प्राध्यापिका आहे. यंत्रांशी माझा संबंध तसा उशिरा आला, पण त्याची सुरुवात बहुधा सिद्धेश्वराच्या यात्रेत झाली असावी. महाशिवरात्रीच्या त्या यात्रेत पत्र्याची एक छोटी नाव मिळत असे. तिच्या पोटात तेलाची पेटती वात ठेवली की ती परातीतल्या पाण्यात फट्‌फट्‌ आवाज करत गोल फिरे. आत ना चाक, ना दट्ट्या. पत्र्याच्या एका चपट्या डबीत पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतले पाणी मागे ढकलते, निवते आणि पुन्हा पाणी आत ओढून घेते, एवढाच तिचा कारभार. हे तत्त्व मला महाविद्यालयात गेल्यावर समजले. लहानपणी मी फक्त एवढेच पाहिले होते की वात विझली तर नाव हळूहळू थांबते, पण नळीत पाणी भरायचे राहिले तर ती जागची हलतच नाही.

दुसरी आठवण बार्शी लाईटची. लातूरहून कुर्डुवाडीकडे जाणारी ती अडीच फुटी रुळांवरची गाडी आमच्या पिढीने वाफेवर चालताना पाहिली आहे. आजोळी जाताना खिडकीबाहेर डोके काढले की डोळ्यांत कोळशाचे कण जात, आणि पंचा ओला करून डोळे पुसणारी आई दर वेळी तेच रागावणे रागावत असे. त्या लोहमार्गाच्या मागे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता होता, हे मला कितीतरी वर्षांनी वाचनातून कळले. हा गृहस्थ मोठा हिकमती. अरुंद रुळांची गाडी स्वस्त तर असतेच, पण नीट आखली तर ती मोठ्या गाडीइतकी कामाची ठरू शकते, असे त्याचे म्हणणे होते. त्यासाठी त्याने एकच नियम धरून ठेवला: इंजिन असो, डबा असो वा वाघीण, म्हणजे मालाचा डबा, असो, कोणत्याही आसावर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. आसावरचा भार ठरला म्हणजे रूळ किती हलका चालेल ते ठरते, रूळ हलका झाला की पूल आणि भराव स्वस्त होतात. इंजिनाचे वजन मात्र कुठेतरी वाटावेच लागते, म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेल्या बार्शीच्या पहिल्या इंजिनांना जोडलेली आठ चाके आणि त्यांच्या मागे आणखी चार चाके होती. 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा तुकडा सुरू झाला. 1911 मध्ये गाडी निजामाच्या मुलखातल्या लातूरच्या बाजारपेठेपर्यंत आली, आणि 1927 मध्ये दुसरे टोक मिरजेला पोहोचले. याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारण्यासाठी हवाई छत्रीही बनवली आणि तिला ‘गार्डियन एंजल’ असे नाव दिले. त्याच्या या दोन उद्योगांचा एकमेकांशी काय संबंध, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. वजन कमीत कमी ठेवण्याचे वेड दोन्हींत आहे, असे म्हणता येईल फार तर.

माझ्या रुळांमधले अंतर 32 मिलिमीटर आहे, आणि ते तसे का, याच्यामागे एक छोटा हिशेब आहे. विलायतेत बागेतल्या वाफेच्या गाड्यांचा जो मोठा पंथ आहे, तो एका फुटाला 16 मिलिमीटर या प्रमाणाने नमुने बनवतो. वास्तवातल्या दोन फुटी रुळांचे या प्रमाणात 32 मिलिमीटर होतात, त्यामुळे तिथल्या खाणींच्या आणि वेल्समधल्या डोंगरी लोहमार्गांच्या इंजिनांचे नमुने या रुळांवर धावतात. बार्शीचे रूळ अडीच फुटी, म्हणजे 762 मिलिमीटरचे. त्याला 24 ने भागले तर पावणेबत्तीस येतात. म्हणजे रूळ तेच ठेवून प्रमाण मात्र एकास चोवीस धरले, की माझ्या गच्चीवर बार्शी लाईट उभी राहू शकते. हे गणित जमले त्या रात्री मला झोप लागली नव्हती. घरी कोणाला सांगावे तर ‘बरं’ यापलीकडे प्रतिसाद मिळाला नसता, म्हणून मी ते वहीत लिहून ठेवले आणि खाली दोनदा रेघ मारली.

संग्रह म्हणावा इतकी इंजिने माझ्याकडे नाहीत. चालणारी तीन आणि न चालणारे एक, एवढाच संसार. पहिले इंजिन मॅमोडचे. मॅमोड ही जेफ्री मॅलिन्स यांनी 1937 मध्ये बर्मिंगहॅममध्ये काढलेली खेळण्यांच्या वाफेच्या यंत्रांची कंपनी. तिची रुळांवर धावणारी इंजिने 1980 च्या सुमारास बाजारात आली आणि ज्यांच्या खिशाला तोपर्यंत हा छंद परवडत नव्हता अशा पुष्कळांना त्यामुळे दार उघडले. माझे इंजिन जुने, तिघांच्या हातांखालून गेलेले आहे. माझा भाचा तिकडे शिकायला होता, त्याने सुट्टीत येताना ते कपड्यांत गुंडाळून आणले. ‘मावशी, विमानतळावर तीन वेळा बॅग उघडायला लावली’ हे वाक्य तो अजून प्रत्येक लग्नात ऐकवतो. दुसरे इंजिन मी कुरियरने मागवले. तेव्हा खोक्यावर ‘बॉयलर’ हा शब्द छापलेला पाहून एका कार्यालयाने ते सहा आठवडे अडवून ठेवले आणि माझ्याकडे परवान्याची मागणी केली. आपल्याकडचा बॉयलर कायदा पंचवीस लिटरांपेक्षा लहान भांड्यांना लागू होत नाही, आणि माझ्या बॉयलरमध्ये जेमतेम पेलाभर पाणी मावते, हे पत्राने दोनदा कळवल्यावर खोके सुटले. कायदा बघत नाही म्हणून आपणही बघू नये असे मात्र नाही. त्याविषयी पुढे लिहितेच.

या छंदाचा इतिहास मोठा आणि काहीसा विनोदी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पितळेची जी खेळण्यातली इंजिने मिळत, त्यांना रूळच नसत. ती दिवाणखान्याच्या जमिनीवर धावत आणि मागे पाण्याची ओली रेघ सोडत जात, म्हणून लोकांनी त्यांना लाळ गाळणाऱ्यांचे नाव दिले होते. पुढे जर्मन आणि इंग्रज कारखानदारांनी रूळ, मापे आणि डबे यांची शिस्त आणली. जपानच्या ॲस्टर कंपनीने 1970 च्या दशकात इतकी देखणी आणि बारकाईची इंजिने बनवायला सुरुवात केली की ती चालवण्यापेक्षा काचेच्या कपाटात ठेवणाऱ्यांचीच संख्या वाढली. 2003 मध्ये हॉर्नबी कंपनीने अगदी छोट्या रुळांवरचे ‘मॅलार्ड’ नावाचे वाफेचे इंजिन काढले, त्यात पाणी रुळांतून येणाऱ्या विजेवर तापते. कारागिरी म्हणून मी त्याला हात जोडते, पण विकत घेण्याची इच्छा कधी झाली नाही. विजेवर पाणी उकळायचेच असेल तर माझ्या स्वयंपाकघरात किटली आहे.

मॅमोडचे इंजिन चालवायला लागले तेव्हा मी रसायनशास्त्राची प्राध्यापिका आहे, हे पूर्णपणे विसरले होते असे आता वाटते. त्याच्या पोटाखाली एक छोटे तबक असते, त्यात घन इंधनाच्या वड्या ठेवून पेटवायच्या. त्या वड्या इथे मिळेनात म्हणून मी देवघरातला कापूर वापरून पाहिला. पाणी उकळले, पण पिवळ्या ज्योतीने काजळी इतकी धरली की हिरवे इंजिन काळे झाले आणि गच्चीवर आरतीचा वास दोन दिवस रेंगाळला. ती चूक हसण्यावारी नेता आली. पाण्याची चूक तशी नव्हती. मी सरळ बोअरचे पाणी भरत होते. आमच्या भागातले खडकातून येणारे पाणी किती जड असते हे गिझरची कॉईल बदलणारा कोणीही सांगेल. तापवले की त्यातली बायकार्बोनेटे फुटतात आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर भांड्याला धरतो. हा धडा मी दर वर्षी अकरावीच्या वर्गात शिकवते. तोच थर माझ्या इंजिनाच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीवर गुपचूप जमत होता.

एका संध्याकाळी इंजिन उभे होते, खाली वड्या जळत होत्या आणि व्हॉल्व्ह उडत नव्हता. एरवी तो सहा-सात मिनिटांत फुसफुसायला लागे. मॅमोडला दाब दाखवणारा काटा नसतो, त्यामुळे आत काय चालले आहे याचा अंदाज फक्त कानांनी घ्यायचा, आणि कानांना काहीच ऐकू येत नव्हते. मी स्वयंपाकघरातून सांडशी आणली, दूर उभी राहून जळते तबक ओढून काढले आणि पायऱ्यांवर जाऊन बसले. इंजिन निवेपर्यंत वर पाय ठेवला नाही. कुकरची शिट्टी साधारण एक किलोच्या दाबाला होते आणि आत पाणी 120 अंशांवर असते. माझ्या गॅसवरच्या इंजिनांत पावणेतीन किलोपर्यंत दाब चढतो आणि तापमान 140 अंशांच्या पुढे जाते. भांडे छोटे असले तरी हे आकडे छोटे नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी व्हॉल्व्ह घेऊन आमच्या लेथवाल्या चाचांकडे गेले. गंजगोलाई या आमच्या बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचे दुकान आहे. डाळमिलांचे शाफ्ट, पंपांचे बुश, उसाच्या चरकांचे दात अशी कामे त्यांच्याकडे येतात. त्यांनी व्हॉल्व्ह नखावर ठेवून पाहिला आणि विचारले, ‘बाई, ह्यात काय चुना घालायलात का?’ किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून जे मिळते ते सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून मी तो व्हॉल्व्ह रात्रभर बुडवून ठेवला, सकाळी पेल्यात बुडबुडे आणि तळाशी पांढरी माती होती. मग चाचांनी त्याची बैठक पुन्हा घासून दिली. त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट करायला लावली, जी मी तेव्हापासून दर वर्षी करते: बॉयलर काठोकाठ थंड पाण्याने भरायचा, हातपंपाने आत नेहमीच्या दीडपट दाब द्यायचा आणि पंधरा मिनिटे काट्याकडे बघत बसायचे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सांधा सुटलाच तर थेंब गळतो आणि काटा पडतो. तेच वाफेने केले तर तांब्याचा पत्राच फाटेल. बॉयलर तांब्याचा आणि त्याचे सांधे चांदीच्या झाळकामाचे असतात. माझ्या दुसऱ्या इंजिनाची वाफेची एक नळी तुटली तेव्हा ती आमच्या सोनारांनी टाकणखार लावून, फुंकणीच्या ज्योतीवर, पाटल्यांना झाळतात तशी झाळून दिली. पैसे घेतले नाहीत, पण चालताना दाखवा म्हणाले, आणि दाखवल्यावर बराच वेळ बोलले नाहीत.

बोअरचे पाणी बंद झाल्यावर मी आधी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले ऊर्ध्वपातित पाणी वापरून पाहिले. तेही मला फारसे रुचले नाही, कारण अगदी शुद्ध पाणी पितळेच्या जोडण्यांतले जस्त हळूहळू ओढून घेते अशी या छंदातल्या जुन्या मंडळींची तक्रार असते. शिवाय सरकारी उपकरणातून खाजगी आगगाडीसाठी पाणी नेणे मनाला पटेना. शेवटी पावसाच्या पाण्यावर येऊन स्थिरावले. मृगाचे पहिले पाणी गच्चीवरची धूळ आणि पारव्यांची घाण घेऊन येते, ते सोडून द्यायचे. आर्द्रा लागल्यावर दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की पन्हाळीखाली टाकी लावायची. तीस लिटर पाण्यात माझे वर्ष सहज निघते. ज्या वर्षी मृग आणि आर्द्रा दोन्ही कोरडी जातात त्या वर्षी हस्ताची वाट पाहावी लागते, आणि ते वाट पाहणे फक्त माझ्यापुरते नसते, म्हणून त्याविषयी बोलायला संकोच वाटतो.

दुसरे इंजिन डॉनकास्टरच्या राउंडहाउस कंपनीचे आहे. ही कंपनी 1982 पासून बागेतल्या रुळांवरची वाफेची इंजिने बनवते, आणि माझ्या मते नवशिक्याने पैसे साठवून सरळ त्यांच्याकडचे साधे, चार चाकांचे इंजिन घ्यावे. जुन्या खेळण्यांची माया नंतर जडू द्यावी. ते ब्यूटेन गॅसवर चालते. लायटरमध्ये भरायचा गॅस पानपट्टीवर मिळतो, तोच त्याच्या टाकीत भरता येतो. बॉयलरच्या मधून एक जाड नळी आरपार जाते, तिच्या एका तोंडाशी बर्नर असतो आणि दुसऱ्या तोंडाशी धुराडे. पेटवण्याची रीत मजेशीर आहे. गॅसची कळ अगदी थोडी सोडायची आणि पेटती काडी धुराड्याच्या तोंडावर धरायची. क्षणभर ज्योत तिथेच थरथरते आणि मग ‘फप्‌’ असा आवाज करून नळीतून उलटी धावत बर्नरवर जाऊन बसते. त्यानंतर पेट्रोमॅक्ससारखा घरघराट सुरू होतो. पाच-सात मिनिटांत काटा चढतो. पण लगेच निघायचे नाही, कारण सिलिंडर अजून थंड असतात. पहिली वाफ तिथे निवून पाणी होते आणि पाणी दबत नसल्यामुळे दट्ट्या अडतो. इंजिन हाताने वीतभर पुढे-मागे ढकलावे लागते. धुराड्यातून गरम पाण्याचे शिंतोडे उडतात, चष्म्यावर येतात, आणि मग अचानक ते हातातून सुटून आपले आपण चालू लागते. हा क्षण मी शेकडो वेळा पाहिला आहे. अजूनही तो येतो तेव्हा मी काहीतरी बोलते, काय बोलते ते मला आठवत नाही.

तेलाची व्यवस्था तर रसायनशास्त्राच्या माणसाला खूश करून टाकणारी आहे. वाफेच्या नळीला बोटाच्या पेराएवढी एक डबी जोडलेली असते, ती घट्ट सिलिंडर ऑईलने भरायची. थोडी वाफ डबीत शिरते, निवून पाणी होते, जड असल्यामुळे तळाशी जाते आणि तेवढेच तेल वर उचलून वाफेच्या वाटेवर लोटते. पंप नाही, वात नाही. फेरी संपली की तळातले पाणी सिरिंजने ओढून काढायचे, ते जितके निघेल तितके तेल सिलिंडरांत गेले असे समजायचे. गाडीचे साधे तेल इथे चालत नाही, वाफेच्या तापमानाला त्याचा चिकटा होतो.

रुळांची कथा दुःखाची आहे आणि ती माझ्या घाईमुळे घडली. गच्चीवर कमरेइतक्या उंचीवर विटांचे खांब, त्यांवर सागाच्या फळ्या, फळ्यांवर खाचा पाडलेले छोटे स्लीपर आणि खाचांत उभ्या बसवलेल्या पितळी पट्ट्या अशी रचना केली. तीन-तीन मीटरच्या दोन सरळ बाजू आणि मीटरभर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळे, मिळून साडेबारा मीटरांपेक्षा थोडी कमी. गच्चीला पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी उतार असतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण इंजिनाला दिसतो. चढावर ते धापा टाकते आणि उतारावर सुटते, आणि त्यात माणूस बसलेला नसल्यामुळे वळणावर ते सरळ गच्चीवरून खाली जाऊ शकते. म्हणून गवंड्याने पाण्याची पारदर्शक नळी घेऊन एकेक खांब पाणसळीत आणून दिला. हे सगळे डिसेंबरमध्ये झाले. पट्ट्यांचे सांधे मी हौसेने अगदी घट्ट, नख शिरणार नाही असे बसवले होते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर जाऊन पाहते तो एक संपूर्ण बाजू सापासारखी नागमोडी झालेली. पहाटे आठ-दहा अंश आणि मेच्या दुपारी उन्हात पट्टीला हात लावला तर साठ अंशांच्या घरात. पन्नास अंशांच्या या फरकाने पितळ मीटरमागे जवळजवळ एक मिलिमीटर वाढते. रेल्वेच्या जुन्या रुळांमध्ये फट का असे, आणि त्या फटीवरून चाक जाताना आपल्याला जो ठेका ऐकू येई तो कशाचा होता, हे मी माझ्या मुलाला केव्हाच समजावून सांगितले होते.

उन्हाळ्याचा दुसरा परिणाम गॅसवर होतो. विलायतेतले लोक थंडीत गॅसची टाकी कोमट पाण्याच्या पेल्यात बसवतात, कारण द्रव गॅसची वाफ होताना टाकी गार पडते आणि ज्योत मंदावते. आमच्याकडे त्याची गरज फक्त पौषातल्या पहाटे लागते. एप्रिलपासून प्रकार उलटा होतो. टाकीतला दाब इतका वाढतो की ज्योत बर्नरवरून उचलली जाऊन विझते. मी टाकीला माठाला गुंडाळतात तशी ओल्या फडक्याची चिंधी गुंडाळते. आणखी एक गोष्ट: कोरड्या गरम हवेत वाफ दिसतच नाही. इंजिन धावते, आवाज येतो, पण धुराड्यावर काहीच नाही, जणू ते कोणत्यातरी दुसऱ्याच कारणाने धावते आहे. पांढरा झोत पाहायचा असेल तर थंडीतली पहाट गाठावी लागते. गॅस आधी संपतो आणि पाणी उरते, अशीच टाकीची मापे कंपनीने ठरवलेली असतात, म्हणजे बॉयलर कोरडा पडत नाही. एका भरणीत पंचवीस मिनिटे, म्हणजे चाळीस-पन्नास फेऱ्या मिळतात. पेलाभर पाण्यावर पाचशे-सहाशे मीटरांचा प्रवास. खऱ्या इंजिनाच्या मानाने हा कारभार उधळपट्टीचा आहे. चोवीस पटींनी लहान केलेल्या बॉयलरचे पृष्ठफळ 576 पटींनी कमी होते, पण आतले पाणी 13,824 पटींनी, त्यामुळे उष्णता बाहेर जाण्याची वाट पाण्याच्या मानाने चोवीस पट मोठी असते. छोटे इंजिन सतत निवत असते.

2016 च्या उन्हाळ्यात मी इंजिन पेटवले नाही. कोणी मना केले नव्हते, आणि माझ्या टाकीतल्या पावसाच्या पाण्याने कोणाची तहान भागणार नव्हती. पण मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लागले होते, आमच्या गल्लीत टँकर आठवड्याने येई आणि शेजारच्या काकू भांडी घासलेले पाणी तुळशीला घालत. अशा वेळी गच्चीवर वाफ उडवत बसणे शोभले नसते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, 12 एप्रिलच्या पहाटे लातुरात पोहोचले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. दूरदर्शनवर नकाशा दाखवत होते. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. मी तो मार्ग बोटाने भिंतीवरच्या माझ्या जुन्या नकाशाशी ताडून पाहिला, तो बार्शी लाईटचाच होता. रूळ रुंद झाले होते, काही ठिकाणी आखणी बदलली होती, जुन्या लाईनवरून शहरात आता रिक्षा धावतात. पण दोन टोके तीच, कॅलथ्रॉपच्या कंपनीने 1911 आणि 1927 मध्ये गाठलेली. लातूरच्या गंजातला माल बाहेर नेण्यासाठी घातलेल्या वाटेने शंभर वर्षांनी लातूरला पाणी आले.

त्या वर्षी परतीचा पाऊस चांगला झाला. दिवाळीनंतर मी चाचांकडे गेले आणि एकास चोवीस प्रमाणात एक पाण्याची वाघीण बनवायची आहे म्हणून सांगितले. पितळी नळीचा तुकडा, दोन्ही बाजूंना चकत्या, वर स्क्रूचे झाकण, खाली चार-चार चाकांच्या दोन बोग्या. बार्शीवर अशी वाघीण कधी होती असा माझा दावा नाही. संग्राहकांच्या दृष्टीने हा नमुना खोटाच ठरेल. पण तिच्यात खरे पाणी राहते आणि ते कामाला येते: इंजिनाच्या बॉयलरवर मी एकदिशा झडप बसवून घेतली आहे, त्यामुळे दाब असतानाही प्लास्टिकच्या फवारणीच्या पंपाने वाघिणीतले पाणी आत घालता येते आणि गॅस पुन्हा भरून लगेच दुसरी फेरी सुरू करता येते. भरलेली वाघीण जड होते. वळणावर इंजिनाची चाके घसरतात आणि ते थोडा वेळ जागच्या जागी फिरून पुन्हा पकड घेते.

न चालणारे इंजिन म्हणजे बार्शीच्या आठ जोडचाकांच्या इंजिनाचा माझा अर्धवट नमुना. गेली पाच वर्षे त्याची फक्त चौकट आणि चाके तयार आहेत. एवढी लांब चौकट मीटरभर त्रिज्येच्या वळणावर वळत नाही. मधल्या दोन जोड्यांच्या चाकांची कड काढून टाकावी का, यावर चाचांचे आणि माझे एकमत होत नाही. कड काढणे हा त्यांच्या मते कामचुकारपणा आहे. खऱ्या कारखान्यांतही लांब इंजिनांसाठी हेच करत असत, असे सांगून मी चित्रे दाखवली, त्यावर ते म्हणाले, ‘त्यांना घाई आसंल.’

पाण्याची वाघीण पूर्ण झाली ती डिसेंबरच्या एका पहाटे आम्ही पहिल्यांदा जोडली. चाचा मफलर गुंडाळून आले होते, सोबत त्यांची नात होती. थंडी चांगली होती, त्यामुळे धुराड्यावर पांढरा झोत अगदी ठसठशीत दिसत होता आणि वळणावर तो मागे वळून वाघिणीवरून जात होता. नातीने विचारले, ‘ही कुटून यायलीय?’ मी म्हणाले, ‘मिरजेहून.’ तिसऱ्या फेरीला गाडी समोर आली तशी चाचांनी कळ बंद करून ती थांबवली, वाघिणीचे झाकण फिरवून काढले आणि आत बोट बुडवून पाहिले. मग बोट मफलरला पुसून त्यांनी झाकण पुन्हा घट्ट बसवले.